एक्केचाळीस नंबरचं गाठोडं

पासपोर्ट अंगावर ठेवायचा. बॅगेत नाही, लॉजच्या कपाटात नाही, उशीखाली तर मुळीच नाही. हे मी आजवर चाळीसेक बायकांना सांगितलंय आणि वहीत लिहून तिच्या झेरॉक्सही वाटल्यात. कुठल्याही टूरवाल्याच्या झेंड्यामागं न धावता स्वस्तात परदेश बघायचा तर काय करायचं, ते सगळं त्या वहीत आहे. दिवसाउजेडी पोचा. खोली बसस्टँडपासून चालत जाता येईल अशी घ्या. पुढचं तिकीट आदल्या दिवशी काढा. कपडे तीनच न्या आणि आठवड्यातून एकदा वजनावर धुवायला टाका. याच गोष्टी करून द्यायचे टूरवाले दुप्पट घेतात आणि वर सकाळी सहाला येऊन दार बडवतात.

अंगावर पासपोर्ट ठेवलेला कपडाच धुवायला गेला तर काय करायचं, हे मात्र वहीत नव्हतं. वन्संनी तो टाकला होता.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय बासष्ट. शाळेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मदतनीस होत्या आणि तेवढ्या वर्षांत त्यांच्या हातून काचेची एक नळी फुटली नाही. हे त्या सांगत नाहीत, दुसरे सांगतात. यजमान गेल्यावर त्यांना कुठंतरी लांब जायचं होतं. आमच्या ह्यांनी टूरचं पत्रक आणून दिलं. त्यात ज्येष्ठांसाठी व्हीलचेअरची सोय आणि सायंकाळी भजन असं छापलं होतं. वन्संनी त्या पत्रकाची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली आणि मला म्हणाल्या, "तू जातेस तशी मला ने."

म्हणून नेलं. मी लेडीज टेलर आहे. निघण्याआधी दोघींच्या सलवारींना मी चोरखिसा शिवला. नाडीच्या नेफ्याखाली, आतल्या बाजूनं, त्याच कापडाचा. तोंड कळीच्या, म्हणजे बाजूच्या पट्टीच्या, शिवणीत लपवलेलं आणि वरून पुस्तकाचा आकार दिसू नये म्हणून आत दोन्ही बाजूंनी बकरमचं कडक कापड. घालून बघितल्यावर वन्सं म्हणाल्या होत्या, "मलाच सापडत नाही, चोराला काय सापडणार." मला बरं वाटलं होतं. इतकं बरं वाटायला नको होतं.

पहिल्या देशात राहायची परवानगी बारा दिवसांची, सीमेपलीकडच्या दुसऱ्या देशात नऊ दिवसांची. तो बारावा दिवस होता. शेवटच्या दिवशी निघायचं हा बेतही माझाच. मिळालेत ना बारा दिवस, मग बाराही वापरायचे. सीमेकडं जाणारी शेवटची बस चारची होती.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बॅगा लॉजच्या काउंटरपाशी आणून ठेवल्या. वन्सं जिन्यावरूनच म्हणाल्या, "कपडे आले का गं?"

"नाही. येतील. वेळ आहे."

त्या खाली आल्या, बाकावर बसल्या, परत उठल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ती राखाडी सलवार पण त्यातच गेलीय."

"जाऊ दे की. आज सुकून येईल."

"तिच्यात आहे."

"काय?"

त्यांनी नुसता हात कमरेवर ठेवला, डाव्या बाजूला, जिथं खिसा असायला हवा तिथं.

"प्लास्टिकच्या पिशवीत आहे ना निदान?"

"ती घामानं चिकटायची. परवा काढली."

मी तेव्हा काय बोलले ते इथं लिहीत नाही. माझ्या सासूबाई हयात असत्या तर त्यांनी मला घरातून काढलं असतं. वन्संनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं बोलून? आता चल."

काउंटरवरचा माणूस मोबाइलवर फुटबॉल बघत होता. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची त्याला. माझ्या फोनमध्ये बोललं की फोन त्यांच्या भाषेत बोलायचा आणि त्यांचं आमच्या भाषेत सांगायचा. आवाज बाईचा, गोड, आणि सगळ्यांना ‘आपण’ म्हणणारा. त्या माणसाला कळलं ते एवढंच की कपडे हवेत. "संध्याकाळी पाच," फोन म्हणाला.

"सकाळी तुम्ही बारा म्हणाला होतात."

"बारा ते पाच. आपण काळजी करू नये."

मग त्यानं मागच्या भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. पाटीवर लिहिलेलं मी फोननं वाचून घेतलं. धुलाईत हरवलेल्या वस्तूंना लॉज जबाबदार नाही. असल्या पाट्या बनवायला यांना वेळ असतो. मी काउंटरवर झुकून त्याचा मोबाइल पालथा केला आणि विचारलं, कपडे जातात कुठं. त्यानं चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. आमच्या पावतीवर नंबर होता एक्केचाळीस.

भाड्याची गाडी करून पोचायला पाऊण तास गेला, कारण बाजाराच्या रस्त्यावर खोदकाम चाललं होतं. गाडीत वन्संनी विचारलं, "नाही मिळाला तर?"

"उद्यापासून तुम्ही इथं बेकायदेशीर. दंड, चौकशी, कोठडी. काय ते त्यांच्या मनावर."

"तुझं काय?"

"माझा पासपोर्ट आहे."

मी हे असंच म्हणाले. त्यांनी मान हलवली, जणू मी बसचं वेळापत्रक सांगितलं होतं.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत वाफ, साबणाचा वास, डोळ्यांना झोंबणारा. एका बाजूला सहा मोठी यंत्रं, मोटारीच्या चाकाएवढ्या गोल दारांची. दुसऱ्या बाजूला इस्त्रीची टेबलं. मध्ये लांबलचक फळी, आणि फळीमागं एक बाई, पन्नाशीची, रबरी एप्रन घातलेली. आलेलं गाठोडं सोडायचं, एकेक कपडा घ्यायचा, त्यावरून दोन्ही हात फिरवायचे, खिशात निघेल ते नंबरच्या वाटीत टाकायचं, कपड्याला रंगीत दोऱ्याची गाठ मारायची, आणि ढकलायचा पुढं. एका कपड्याला तीन सेकंदसुद्धा नाहीत. मी मनातल्या मनात तिला खिसेवाली म्हणायला लागले.

अडीच वाजले होते. मुकादम बुटका, कानामागं पेन्सिल. त्यानं पावती बघितली आणि एक्केचाळीसची वाटी आणून समोर ठेवली. वाटीत रुमाल, केसाची पिन आणि दोन नाणी. बास.

"पासपोर्ट?" मी विचारलं.

मुकादमानं खिसेवालीला विचारलं. तिनं मान हलवली. नव्हता.

"सलवारीत होता. वन्सं, नक्की होता ना?"

"सकाळी हात लावून बघितला होता मी," वन्सं म्हणाल्या. "मग आंघोळीला गेले. आणि तू ओरडलीस, कपडे न्यायला माणूस आलाय, लवकर द्या."

तेही खरं होतं. पण मला त्या वेळी खरं-खोटं नको होतं, कुणीतरी हवं होतं. वस्तू होती, गाठोडं या बाईच्या हाताखालून गेलं, आता वस्तू नाही. मी फोन तोंडाशी धरला आणि म्हणाले, "मग हिनं घेतलाय."

फोननं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. गोड आवाजात, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. इस्त्रीवाले थांबले.

खिसेवालीनं माझ्याकडं बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मुकादमानं तिला एप्रन काढून भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं आणि तिची पिशवी फळीवर ओतली. कंगवा, चष्मा, गोळ्यांचं पाकीट, रिकामा डबा, लहान मुलाचा एक मोजा. मुकादमानं डब्याचं झाकणसुद्धा काढून बघितलं. सगळे बघत होते. वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता काय तिला कपडे उतरवायला लावणार आहेस?"

"वन्सं, चारची बस आहे."

"ते मला माहीत आहे. माझाच पासपोर्ट आहे तो."

मुकादम पोलिसांना फोन लावायला निघाला. पोलीस यायला तास लागेल म्हणाला. मी म्हटलं, तास नाहीये. आधी ती सलवार दाखवा. त्यानं हात वर केले आणि तीन नंबरच्या यंत्राकडं दाखवलं. काचेच्या गोल दारामागं फेस फिरत होता, आणि त्या फेसातून मधेच राखाडी काहीतरी वर यायचं आणि बुडायचं. दारावरचा आकडा सांगत होता, एकोणचाळीस मिनिटं.

"बंद करा."

"मध्येच बंद करता येत नाही. एकदा लावलं की लावलं. आणि कपडे तपासलेत."

"कुणी तपासलेत? हिनंच ना?"

"हो."

"जिनं चोरलं तिनंच?"

आता मुकादमाचीच पंचाईत झाली. तिनं चोरलं असेल तर यंत्रात शोधायचं कशाला, आणि तिनं चोरलं नसेल तर ती नीट तपासत नाही. दोन्हीकडून तिच्याच नोकरीवर येत होतं आणि मी बोलतच सुटले होते. सदतीस मिनिटं.

तेव्हा खिसेवाली पहिल्यांदा बोलली. मुकादमाशी नाही, माझ्या फोनशी. फोन म्हणाला, "सलवार कुणी शिवली?"

"मी."

"आपल्या अंगावर तशीच आहे का?"

"आहे."

"दाखवा."

इस्त्रीच्या टेबलांमागं चादरी वाळत टाकल्या होत्या. तिथं ती मला घेऊन गेली, वन्सं मागोमाग. मी कुडता वर केला. तिनं आधी नुसता हात फिरवला, फळीवर फिरवायची तसा, झरकन. काही सापडलं नाही. माझा पासपोर्ट आत होता आणि तिच्या हाताला सापडला नाही. तिनं परत फिरवला, हळू. बोटं नेफ्यावर थांबली. दाबून बघितलं. बकरम सगळीकडं सारखंच कडक लागत होतं, कारण मी ते मुद्दाम खिशापेक्षा चार बोटं रुंद लावलं होतं. मला वाटलं, बोलू नये. मग वाटलं, अगं बये, तू इथं हुशारीची परीक्षा घ्यायला आलीस का? मी तिचा हात धरला आणि कळीच्या शिवणीवर नेला. तिनं शिवण उसवल्यासारखी उकलली आणि आत बोट घातलं.

तिनं बोट बाहेर काढलं. मग फोनकडं बघून एकच वाक्य.

"आधी मुकादमाला सांगा."

"काय?"

"मी घेतलं नाही, हे. सगळ्यांसमोर. मग यंत्र बघू."

आता इथं मी खरं लिहिणार आहे. मला अजून पटलं नव्हतं. खिसा सापडत नाही, हे कळलं होतं. पण सापडला नसेलच असं कशावरून? चौकस हात आहेत, रोज हजार कपडे जातात. यंत्र उघडलं आणि खिसा रिकामा निघाला तर मी माझ्या तोंडानं चोराला सोडलेलं असणार, आणि मग पोलिसांना काय सांगणार? वन्संनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. चौतीस वर्षं मुलांचे चेहरे बघून काय सांडलं ते ओळखणारी बाई.

"वेळ लावू नकोस," त्या म्हणाल्या.

"आणि नसला तर?"

"नसला तर नसला. मी आत बसेन. पण ही भिंतीपाशी उभी राहिली ती तुझ्यामुळं."

मी बाहेर आले. इस्त्रीवाले, यंत्रावरचा माणूस, मुकादम, सगळे उभेच होते. मी फोनमध्ये म्हणाले, "या बाईंनी चोरी केलेली नाही. माझ्या शिवणात चूक आहे. मी उगीच बोलले." फोननं ते सांगितलं, त्याच गोड आवाजात, ज्यात आधीचं सांगितलं होतं. मुकादम काही पुटपुटला. खिसेवालीनं एप्रन उचलला, बांधला, तीन नंबरपाशी गेली आणि खालचं लाल बटण दाबलं.

मुकादम ओरडत धावला. ती त्याच्याशी दोनच शब्द बोलली. फोननं ते आम्हाला सांगितले नाहीत, फोन माझ्या पिशवीत होता. मुकादम तिथंच थांबला.

पण दार उघडत नव्हतं. पाणी पूर्ण निचरल्याशिवाय कडी सुटत नाही. काचेमागं फेस खाली खाली जात होता, इतका हळू की वाटावं, कुणीतरी चमच्यानं उपसतंय. तीन वाजून सहा मिनिटं. इथून बसस्टँडला पंचवीस मिनिटं, खोदकाम नसतं तर. वन्सं काचेला नाक लावून उभ्या होत्या. यंत्रावरच्या माणसानं काहीतरी विनोद केला आणि कुणीच हसलं नाही. सात. आठ. दहा. खिसेवाली कडीवर हात ठेवून होती. तिच्या हाताची कातडी साबणानं पांढरी पडून भेगाळलेली होती. तोवर मी तिच्या हातांकडं नीट बघितलंच नव्हतं.

खट झालं.

साठ किलो ओले कपडे जमिनीवर आले. दोऱ्याचा रंग हिरवा, एक्केचाळीसचा. तिनं राखाडी सलवार ओढून काढली, नेफ्यावर हात नेला, आता थेट शिवणीवर, आणि दोन बोटांत धरून ते बाहेर काढलं. पासपोर्ट फुगून पावासारखा झाला होता. कव्हरवरचं सोनेरी निम्मं गेलेलं.

मी हात पुढं केला. तिनं तो वन्संच्या हातात दिला.

इस्त्रीवाला पुढं आला, टेबलाकडं खूण करत. त्याला वाटलं, वाळवून द्यावं. खिसेवालीनं त्याचा हात अडवला. फोटोच्या पानावर प्लास्टिक होतं, इस्त्री लागली असती तर ते गोळा झालं असतं आणि वन्संचा चेहरा त्यात. तिनं कोरड्या टॉवेलची पट्टी फाडली आणि एकेका पानामध्ये घातली. फाडली म्हणजे खरंच फाडली, लॉजचा टॉवेल होता कुठला तरी. तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती. वन्संनी तिचे दोन्ही हात धरले, मराठीतच तिला काहीतरी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मी पैसे काढले. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बाकीचे कपडे तिथंच सोडले. बस सुटताना पकडली. ड्रायव्हरनं दार लावलं होतं आणि मी ते थपडा मारून उघडायला लावलं. त्याआधी बॅगा लॉजमधून घेताना काउंटरवरचा म्हणाला, आपले कपडे पाचला येतील. मी त्याला उत्तर दिलं ते मराठीतच दिलं.

बसमध्ये वन्सं पानं उलगडून बसल्या होत्या, खिडकीच्या उन्हात. फोटो ठीक. नाव ठीक. पण या देशात शिरतानाचा शिक्का विरघळून निळा डाग झाला होता, अर्ध्या पानाचा.

"शिक्का वाचता येत नाही," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

"विचारलं तर तेवढंच बोलायचं. जास्त सांगायचं नाही. हसायचं नाही. मी बोलते."

"तू आज बरंच बोललीस," वन्सं म्हणाल्या.

सीमेच्या नाक्यावर माझा पासपोर्ट अर्ध्या मिनिटात झाला. खिडकीतल्या बाईनं शिक्का मारला आणि पुढं जा म्हणून हात केला. मी गेले नाही. पिवळ्या पट्टीच्या अलीकडं उभी राहिले. शिपाई पुढं व्हा म्हणत होता, मी त्याला कळत नाही असं दाखवत होते, आणि त्या वेळी मला खरंच काही कळत नव्हतं.

वन्संनी तो फुगलेला पासपोर्ट खिडकीत ठेवला. बाईनं तो नखानं उघडला. डाग बघितला, वन्संना बघितलं, परत डाग. काहीतरी विचारलं. वन्संनी माझ्याकडं वळून बघितलं नाही. खिडकीत त्यांच्याकडं फोन नव्हता. त्यांनी हातानं सांगितलं. सलवारीवर बोट ठेवलं, मग दोन्ही हात यंत्रासारखे गोल फिरवले, मग बोटं हलवत फेस दाखवला, आणि शेवटी स्वतःच्या कपाळावर हात मारला. शांतपणे, जसं मुलांना प्रयोग समजावून सांगतात.

बाई हसली नाही. तिनं पासपोर्ट घेतला आणि आतल्या खोलीत गेली. दार लागलं.

आमच्या मागची रांग दुसऱ्या खिडकीकडं सरकली. बसचा ड्रायव्हर पलीकडून हॉर्न देत होता. मी शिपायाला म्हटलं, ही माझी नणंद आहे. मराठीत. तो म्हणाला, पुढं व्हा. त्याच्या भाषेत. बारा मिनिटं. वन्सं खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

बाई परत आली. बरोबर एक छापील कागद. आत येतानाची तारीख त्यांच्या कॉम्प्युटरवर होती, सकाळपासून, बारा दिवसांपासून, कायमच होती. तिनं ती कागदावर लिहिली, शिक्का त्या कागदावर मारला, कागद पासपोर्टला टाचला आणि काहीतरी ठणकावून सांगितलं. मी फोन पुढं केला. "हे बदलून घ्या. लवकर. यावर आपण घरी परत जाऊ शकणार नाही."

पलीकडं, दुसऱ्या देशाच्या खिडकीतल्या माणसानं वन्संना फक्त पाच दिवस दिले, नऊ नाही, आणि आपल्या वकिलातीचा पत्ता एका कागदावर लिहून दिला. तिथं सकाळी सातला रांग लागते म्हणाला.

बाहेर उजेड होता अजून. बस आमच्या बॅगा रस्त्यावर उतरवून निघून गेली होती. वन्सं रस्त्याच्या कडेला उभ्या राहून तो पत्ता वाचत होत्या, चष्मा कपाळावर, कागद डोळ्यांजवळ.

"समुद्र राहिला मग," मी म्हटलं. समुद्र बघायला आलो होतो.

"पाच दिवस आहेत ना," वन्सं म्हणाल्या. "सातला रांग म्हणजे सहाला उठायला लागेल. ये, गाडी बघू."